शुक्रवारचा ताप

भोसरी एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे आमचा सोमवार शुक्रवारी उगवतो. २०१८ च्या हिवाळ्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की आमच्या मिस्त्रींना ताप येतो तो नेमका शुक्रवारीच. दिवसभर माणूस ठणठणीत. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तोंडाची चव जायची, घसा खवखवायला लागायचा, मग अंगात थंडी भरायची. घरी जाऊन गोधडी घेऊन पडायचे, रात्री दरदरून घाम फुटायचा आणि शनिवारी सकाळी नऊच्या आत पुन्हा हजर.

"मिस्त्री, मलेरियाची टेस्ट करून घ्या एकदा," मी म्हणालो. त्यांनी केली. काही निघालं नाही.

"शेट, हा जस्ताचा ताप हाये. तीस वर्षं झाली, ओळखतो मी त्याला. अर्धा लिटर दूध आन गुळाचा खडा दिला की जातो."

आमच्याकडे काम जीआय पाइपचं. ट्रॉल्या, रॅक, गोदामातल्या शिड्या. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त साधारण ९०७ अंशांना उकळतं आणि वेल्डिंगचा चाप, म्हणजे आर्क, त्याच्या कितीतरी पट गरम. म्हणजे लोखंड वितळायच्या आधीच जस्ताची वाफ होऊन उडते. हवेत गेली की तिची पांढरी भुकटी होते. दुपारी पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आली की त्यात ही भुकटी दिसायची, पिंजलेल्या कापसाची कुसं तरंगावीत तशी. आम्ही ती रोज बघत होतो. दिसायला छान दिसायची, हे लिहिताना लाज वाटते.

एका डॉक्टर मित्राला विचारलं तर तो हसलाच. म्हणाला, इंग्रजी पुस्तकांत या तापाला सोमवारचा ताप म्हणतात. रोज जस्ताचा धूर घेतला की शरीर त्याला सरावतं. मध्ये सुट्टी पडली की सराव सुटतो आणि परतल्या दिवशी ताप येतो. त्यांची सुट्टी रविवारी म्हणून सोमवार, तुमची गुरुवारी म्हणून शुक्रवार. दूध-गुळाने काही होत नाही, ताप एक-दोन दिवसांत आपोआपच उतरतो. पण त्याने पुढे जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकलाय. म्हणजे ज्यांच्यामुळे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं झालंय, अशांच्या यादीत.

तर एक्झॉस्ट पंखे बसवायचे ठरलं. आमचा गाळा साठ बाय चाळीस फूट. भिंतीशी सोळा फूट उंच, मध्ये कण्यावर वीस. वर पन्हळी पत्रा. पश्चिमेला रस्ता आणि शटर, शटरच्या दोन्ही बाजूंना खिडक्या. पूर्वेला मागची गल्ली. मी स्कूटर काढली आणि थेट बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "किती इंची?"

मला तो प्रश्न फार आवडला. उत्तर देता येईल असा होता. म्हणालो, "अठरा इंची. सहा द्या."

त्याने दुसरा प्रश्न विचारला तो फेऱ्यांचा. चौदाशेचा की नऊशेचा? चार पोलची मोटर मिनिटाला साधारण चौदाशे फेरे फिरते, सहा पोलची नऊशेच्या आसपास. चौदाशेचा हवा जास्त फेकतो पण त्याच्या आवाजात माणसाला माणूस ऐकू येत नाही. मी नऊशेचे घेतले. सगळ्या प्रकरणात पहिल्याच झटक्यात बरोबर ठरलेला हा माझा एकमेव निर्णय, आणि तोही थ्री फेजचे नऊशेवाले सहाच्या सहा त्याच्याकडे तयार होते म्हणून.

घरी येऊन मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. गाळ्यातली एकूण हवा साठ गुणिले चाळीस गुणिले सरासरी अठरा, म्हणजे ४३,२०० घनफूट. मीटरमध्ये १,२२३ घनमीटर. वेल्डिंगच्या जागी तासाला वीस वेळा तरी हवा बदलावी असं कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे तासाला २४,५०० घनमीटर. कागदावर एका पंख्याची फेक ४,८०० होती. सहा पंख्यांची २८,८००. वर चार हजार शिल्लक! मी वही मिटली आणि निवांत झोपलो.

वायरमन दुसऱ्या दिवशी आला. डीबी, म्हणजे विजेच्या स्विचांची पेटी, शटरजवळ, म्हणून पंखे शटरजवळ. पश्चिमेच्या भिंतीत, खिडक्यांच्या शेजारी, सात फुटांवर. "शिडी लागायला नको साफसफाईला," तो म्हणाला. मलाही पटलं. संध्याकाळी सहाही पंखे एकदम सुरू केले तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. शटरच्या आत धूळ भिरभिरली, पाट्या हलल्या, विमानतळ वाटावं असा घोंगाट झाला. मिस्त्री मात्र आपल्या टेबलाशी उभे होते, आणि त्यांच्या डोक्यावर धूर जसाच्या तसा लोंबत होता.

पुढच्या शुक्रवारी ताप आला.

महिनाभर मी पंख्यांना दोष दिला. मग पावसाळा लागला आणि प्रकरण वेगळ्याच वळणावर गेलं. रात्रपाळीला पोरं पाऊस आत येतो म्हणून शटर खाली घ्यायची, खिडक्या लावून घ्यायची आणि सहाही पंखे चालू ठेवायची. अशा वेळी शटरमधलं छोटं दार बाहेरून ढकललं की हातातून सुटून आत धाडकन आपटायचं. आतून ओढून उघडायला गेलं की अलगद यायचं, लावायला मात्र खांदा लागायचा. पोरांत हळूच भुताची गोष्ट पसरली. जुलैत एका पंख्याची मोटर जळाली, ऑगस्टमध्ये दुसऱ्याची.

मोटर भरून देणारा आमचा माणूस कमी बोलणारा. दुसरी मोटर नेली तेव्हा त्याने तारांचा काळा पडलेला गुंडाळा हातात धरून विचारलं, "दारं-खिडक्या लावून चालवता का?"

"हो. पण हवा कमी येते म्हणजे पंख्याला काम कमी ना?"

"उलटं. पात्याच्या पंख्याला हवा मिळाली नाही की तो जास्त करंट खातो. वर मोटर त्याच हवेत थंड व्हायची असते, ती हवाच नाही."

मला ते खोटं वाटलं. इतकी वर्षं मोटरींशी संसार केला, पण मनात घट्ट बसलं होतं की नळ बंद केला की पंपावरचा भार कमी होतो. ते गोल चाकाच्या पंपाला आणि ब्लोअरला, म्हणजे गोल घरात चाक फिरवून हवा फेकणाऱ्या पंख्याला, खरं आहे. पात्यांच्या पंख्याचं नेमकं विरुद्ध: मोकळ्या हवेत तो कमीत कमी वीज घेतो, आणि तोंड आवळलं की पाती जागच्या जागी हवा घुसळत बसतात आणि भार चढतो. ती मोटर मी रागाने जपून ठेवली आहे.

शेजारच्या गाळ्यात एक काका बसतात. एका मोठ्या कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झालेले, आता मुलाच्या छोट्या युनिटवर नजर ठेवतात. ते दोन महिने माझा तमाशा बघत होते. न राहवून एके दिवशी आत आले, खिशातून अगरबत्तीचा पुडा काढला आणि एक काडी पेटवून माझ्या नव्या पंख्यांसमोर फिरवू लागले. पोरांना वाटलं काका पंख्यांची पूजा करताहेत.

धुराची बारीक रेघ खिडकीतून आत आलेल्या हवेबरोबर वळली, तीन फूट गेली आणि शेजारच्या पंख्यातून बाहेर. काका मिस्त्रींच्या टेबलाशी गेले. तिथे रेघ सरळ वर चढली, दहा-बारा फुटांवर थबकली आणि पसरली. पंख्यांकडे गेलीच नाही.

"तुझे पंखे रस्त्यावरची हवा खिडकीतून घेतात आणि रस्त्यावर परत टाकतात," काका म्हणाले. "मागच्या तीस फुटांशी त्यांची ओळखसुद्धा नाही. आणि गरम हवा वर बसलीये, तू भोकं पाडलीस सात फुटांवर. आणि वारा येतो पश्चिमेकडून. उन्हाळ्यात पश्चिमेकडून, पावसाळ्यात पश्चिमेकडून. तू वाऱ्याच्या तोंडावर पंखे लावलेस."

मग त्यांनी तोच प्रश्न विचारला जो दुकानदाराने विचारायला हवा होता, किंवा मी त्याला सांगायला हवा होता. "बाहेर किती जाणार ते कळलं. आत कुठून येणार?"

मी शटरकडे बोट दाखवलं. ते बंद होतं.

त्यांच्याकडे वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र होतं, खेळण्यातल्या भिरभिऱ्यासारखं. अठरा इंची पंख्यातून कागदावरचे ४,८०० घनमीटर जायचे तर वेग सेकंदाला आठ मीटरच्या वर हवा. माझ्या पंख्यांना साडेचार मिळाला, तोसुद्धा शटर उघडं असताना. बाहेरच्या बाजूला पावसासाठी लावलेल्या झडपा तेलकट धुळीने चिकटून अर्ध्याच उघडत होत्या, त्याचा हा प्रताप. आणि कागदावरचा आकडा मुळात मोकळ्या हवेतला. समोर जाळी नाही, झडप नाही, वारा नाही, असा. लग्नाच्या बायोडाटातल्या पगारासारखा तो घ्यायचा असतो.

ती दिवाळी उरकल्यावर पंखे काढले. चार पंखे पूर्वेच्या भिंतीत, पत्र्याच्या खाली चौदा फुटांवर गेले. पश्चिमेच्या भिंतीत खाली, गुडघ्याच्या उंचीपासून, झुकत्या पट्ट्यांची जाळी बसवली. तिचा आकार काकांनी काढून दिला. वहीतली ती तासाला २४,५०० घनमीटर हवा सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने आत घ्यायची तर साधारण साडेतीन चौरस मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे सदतीस चौरस फूट. आणि ती पट्ट्या सोडून मोकळी. पत्रेवाल्याला हे समजवायला अर्धा दिवस गेला. त्याचं म्हणणं, "साहेब, एवढं भोक पाडायचं तर मग पंखे कशाला?" तसा प्रश्न चुकीचा नव्हता.

याच सुमाराला छतावरचे ते चकचकीत गोल भोपळे घ्यावेत म्हणून एक विक्रेता मागे लागला होता. वाऱ्यावर फिरणारे, वीज न लागणारे. आसपासच्या प्रत्येक शेडवर ते आहेत, म्हणून मीही चोवीस इंची चार घेतले. त्यांच्याबद्दल माझं मत मिश्र आहे. फिरताना इतके छान दिसतात की ते काम करताहेत असं वाटतंच. प्रत्यक्षात एप्रिलच्या पडल्या वाऱ्यात ते आळसावतात आणि तेव्हाही हवा जाते ती गरम हवा हलकी म्हणून, त्या भोकातून. नुसतं भोक ठेवलं असतं तरी बरीच गेली असती, फक्त पाऊस आत आला असता. पाऊस तसाही आला. पत्र्याची पन्हळ आणि बैठकीची पट्टी यांच्यातली फट चिकटपट्टीने बुजवली होती, पहिल्या जोरदार सरीत ती सुटली आणि पाणी थेट वेल्डिंग मशिनवर. दुसऱ्यांदा मिस्त्रींनी स्वतः वर चढून पट्टीची वरची कड कण्याच्या पत्र्याखाली सारली. तेव्हापासून थेंब नाही. वीजबिल शून्य, वर्षातून एकदा बेअरिंगला ग्रीस. ठेवलेत. पण कोणी त्यांच्या जिवावर धूर काढतो म्हणाला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवतो.

गाळा बदलला हे खरं. आधी दुपारी दोनला आत ४६ अंश असायचे तेव्हा बाहेर ३९. आता बाहेरपेक्षा दोन-अडीच अंश जास्त. त्याखाली पंखा नेत नाही, नेऊ शकत नाही, तो बाहेरचीच हवा आत आणतो. पत्र्याला पांढरा रंग मारला त्याने आणखी उतरलं आणि तो खर्च सगळ्यांत स्वस्त पडला.

पण शुक्रवारचा ताप हटेना. कमी झाला, दर शुक्रवारचा महिन्यातून दोनदा झाला. गेला नाही.

कारण साधं होतं आणि काकांनी ते चहाच्या टपरीवर दाखवलं. पेटलेली काडी हातभर लांब धरली आणि मला म्हणाले, "विझव." मी फुंकली, विझली. दुसरी पेटवली. "आता ओढून विझव." मी श्वास आत ओढला. ज्योत हललीसुद्धा नाही. काडी ओठांपासून चार बोटांवर आणली तेव्हा कुठे ती जराशी वाकली, आणि मला खोकला आला. टपरीवाला बघत राहिला.

फुंकलेली हवा झोताने लांब जाते. ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी गोळा होते, म्हणून तोंडापासून जराशी दूर गेली की ओढ संपते. नळीचा जेवढा व्यास, तेवढ्याच अंतरावर ओढीचा वेग दहा टक्क्यांवर येतो. चौदा फुटांवरचा पंखा मिस्त्रींच्या ठिणगीजवळचा धूर ओढणार कसा? तो धूर आधी वर चढतो आणि वर चढताना मिस्त्रींच्या वाकलेल्या तोंडावरूनच जातो. भिंतीतला पंखा गाळ्याची हवा बदलतो. माणसाच्या नाकासमोरची नाही.

काकांनी त्या दिवशी १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम १४ काढून वाचायला दिलं. कलम १३ हवा आणि तापमानाचं, ते मला ऐकून माहीत होतं. चौदावं धूळ आणि धुराचं. त्यात लिहिलं होतं की ओढून घेणारी यंत्रणा धूर जिथे उगम पावतो त्याच्या शक्य तितक्या जवळ लावावी आणि ती जागा शक्य तेवढी बंदिस्त करावी. १९४८! माझा जन्मही नव्हता. मी दीड वर्ष आणि बराच पैसा घालून जिथे पोहोचलो ते त्यांनी एका वाक्यात लिहून ठेवलं होतं.

मग मार्च २०२० आला. गाळा बंद, मिस्त्री लातूरला गावी. जूनमध्ये कुलूप उघडलं तेव्हा ऑर्डरी नव्हत्या, वेळ होता आणि कुदळवाडीच्या भंगारात माल स्वस्त झाला होता. तिथे मला एक ब्लोअर मिळाला, एखाद्या एसी प्लांटमधून निघालेला. आत बारीक बारीक पट्ट्यांचं पिंजऱ्यासारखं चाक, पट्ट्या पुढच्या बाजूला वळलेल्या. हवा भरपूर, आवाज कमी. काका परगावी होते, मी त्यांना न विचारता घेतला. तीन आठवडे सुंदर चालला. मग थरथरायला लागला. उघडला तर पट्ट्यांच्या खोबणीत वेल्डिंगची काळी-पांढरी भुकटी तव्यावरच्या खरपुडीसारखी बसलेली, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. स्वच्छ हवेचं चाक होतं ते. आम्ही त्याला उकिरड्यावर जुंपलं.

दुसरा ब्लोअर नवा घेतला. मागे वळलेल्या मोजक्या रुंद पात्यांचं चाक, पाच एचपी. चार टेबलं, प्रत्येकाला तासाला हजार घनमीटर, एकूण चार हजार. नळीतला वेग सेकंदाला अकरा-बारा मीटरच्या खाली गेला तर भुकटी नळीतच बसते, म्हणून प्रत्येक टेबलाला सात इंची नळी. आता या चार नळ्या जिथे एकत्र येतात ती मोठी नळी किती इंची हवी? पत्रेवाला पेन्सिल कानामागून काढत म्हणाला, "चार साते अठ्ठावीस." मीही मान डोलावणार होतो. काकांनी जमिनीवर खडूने सात इंचाचं एक वर्तुळ काढलं, शेजारी चौदाचं. व्यास दुप्पट झाला की तोंड चौपट होतं. चार सात इंची म्हणजे बरोबर एक चौदा इंची. अठ्ठावीसची घातली असती तर तिच्यात वेग पावपट झाला असता आणि वर्षभरात ती भुकटीने निम्मी भरली असती. पत्रेवाला बराच वेळ त्या दोन वर्तुळांकडे बघत होता. नंतर त्याने खडू मागून घेतला.

नळीच्या टोकाला नरसाळं, नरसाळं हलवता येईल असा हात. तो हात कामाच्या वीतभर जवळ आणायचा हा नियम. इथे खरी लढाई झाली, आणि ती यंत्राशी नव्हती. मिस्त्री जुलैत परत आले, त्यांनी ते नरसाळं बघितलं आणि मान फिरवली. "आडवं येतं शेट. आन वाऱ्याने गॅस उडतो, सांधा भुसभुशीत होतो." दुसरं बरोबर होतं. आमच्या मिग मशिनमध्ये सांध्यावर गॅसचं आवरण असतं, ओढ फार जवळून लावली की ते आवरण फाटतं आणि सांध्यात बुडबुडे राहतात. चार-पाच दिवस आम्ही दोघं तुकडे जोडून कापून बघत होतो. शेवटी नरसाळं वरून न धरता बाजूने, किंचित वर, वितीपेक्षा दोन बोटं लांब असं ठरलं. ती जागा मिस्त्रींनी शोधली. शोधली म्हणूनच वापरली.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात रोहित्र जळालं, लाईनवाल्यांनी नवं बसवलं आणि लाईट आली. पूर्वेच्या भिंतीतले पंखे सुरू झाले आणि गल्लीतला पाऊस, पाला आणि कुठल्यातरी हॉटेलच्या फोडणीचा वास आत. तीन फेजपैकी दोन तारा अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे मोटरी उलट्या फिरत होत्या. पात्यांचा पंखा उलटा फिरला की हवाही उलटी वाहते, आंधळ्यालाही कळतं. वायरमनने त्या चार पंख्यांच्या तारा बदलल्या आणि गेला. ब्लोअरकडे कोणी बघितलंच नाही, कारण तो ओढतच होता. गोल घरातला ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडाने बाहेर जाते, फक्त बरीच कमी. आठ दिवस तो तसाच घुमत होता. नवव्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "शेट, तोंडाची चव गेलीये."

तो दिवस शुक्रवार होता.

त्याच दिवशी फेज उलटली की मोटर सुरूच होऊ न देणारा रिले बसवला, आणि ब्लोअरच्या घरावर लाल रंगाने बाण काढला. बाण फिरण्याच्या दिशेचा. पोरं येता-जाता बघतात.

रंगाच्या कोपऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी निदान आधी विचारलं. दोन पंखे उरले होते, वायरमन त्यातला एक तिथे लावायला निघाला होता. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटते. आणि त्या पंख्याची मोटर नेमकी त्याच वाफेच्या प्रवाहात बसलेली. मोटर तापली, तार जळाली, ठिणगी उडाली, तर काय होईल ते सांगायला नको. तिथे दुभंगलेल्या पोटाचा पंखा घेतला. त्याच्या पोटात मोटरसाठी वेगळा कप्पा असतो, हवा दोन्ही बाजूंनी वळसा घालून जाते, मोटरला शिवत नाही. मोटर फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेर न सोडणारी, पाती ॲल्युमिनियमची. ओढ जमिनीपासून फूटभर वर. महाग पडला. घासाघीस केली नाही.

ब्लोअरच्या धुराड्यावर पावसासाठी टोपी घातली होती. तिने धूर खाली दाबला आणि तो काकांच्याच गाळ्यात शिरला. काका दुसऱ्या दिवशी अगरबत्तीचा पुडा न आणता आले, यावरून मला त्यांच्या मनःस्थितीचा अंदाज आला. टोपी काढली, धुराडं पत्र्याच्या वर आणखी उंच केलं आणि त्याच्या तोंडाभोवती जरा मोठ्या व्यासाची मोकळी नळी बसवली. पाऊस दोन नळ्यांमधल्या फटीतून बाहेर निथळतो, धूर सरळ वर जातो.

सध्या चारपैकी दोन टेबलं चालू असतात, मंदी आहे. बाकीच्या दोन नळ्यांच्या झडपा बंद करतो आणि ब्लोअरचा वेग कमी करतो, पन्नासच्या जागी चाळीस हर्ट्‌झ. वेग ऐंशी टक्के केला की वीज ऐंशी टक्के लागेल असं वाटतं, लागते जेमतेम निम्मी, कारण वीज वेगाच्या घनाने घटते. हे मीटरवर डोळ्यांनी बघेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. सहापैकी चार पंखे भिंतीत, एक काकांनी मागून नेला, सहावा अजून माळ्यावर आहे.

शुक्रवारचा ताप रिलेच्या त्या प्रसंगानंतर आलेला नाही. गेल्या दिवाळीला हिशोब करताना मी मिस्त्रींना सहज म्हटलं, आता ते दुधाचं खातं बंद करू या का? रोजचं अर्धा लिटर, वर्षानुवर्षं चालत आलेलं. डॉक्टरही म्हणाला होता त्याने काही होत नाही.

मिस्त्रींनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "ताप पंख्याने गेला आसंल शेट," ते म्हणाले, "पर दूध कशाला बंद करता?"

दूध चालू आहे. गूळही.